बातमीविना तेरा कोस

गोमाई नदीच्या काठच्या नऊ गावांत गोवाल धावत येताना दिसला, की बाया आधी रडायला लागत आणि मग विचारत, कोण गेलं म्हणून. त्यात बिचाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. गोवाल हा लोणखेड्याचा जागल्या. गावात कोणी मेलं की त्याची खबर गावोगावच्या सोयऱ्यांना पोचवायची हे त्याचं काम, आणि बावीस वर्षं तो ते इमानाने करत होता. पळायचाही असा, की बघत राहावं. लेकीला बापाचं तोंड शेवटचं बघायचं असेल तर खबर आणणाऱ्याने रमतगमत येऊन कसं चालेल?

या कामाची रीत मोठी कडक. खबर घेऊन आलेल्याने दारात जायचं नाही. अंगणाच्या कडेला उभं राहायचं, मेलेल्याचं नाव सांगायचं आणि आल्या पावली परत फिरायचं. बसायचं तर अजिबात नाही. घरच्यांनी त्याला पाणी विचारायचं नाही आणि त्याने मागायचं नाही. मरणाची बातमी अंगणात टेकली तर ती घर धरून बसते, असं सगळे मानत. गोवालने या रीतीत स्वतःच्या पदरची एक भर घातली होती. तो आधी म्हणायचा, “काही नही व्हयनं, घाबरू नका.” मग दम घ्यायचा आणि मग नाव सांगायचा. त्याला आपलं वाटायचं, घाव जरा हलका बसेल. झालं उलटंच. ‘काही नही व्हयनं’ हे शब्द गोवालच्या तोंडून निघाले की नऊही गावं समजून चुकत, की आता आटोपलं.

त्यामुळे गड्याला साधं बाजारालासुद्धा सुखाने जाता येईना. शहाद्याच्या बाजाराला निघाला की मुद्दाम हात मागे बांधून, पाय ओढत, इकडे तिकडे बघत चालायचा. सोबतचे लोक वैतागायचे. तो म्हणायचा, “मी जरा पाय उचलला ना, तर वाटेतल्या चार चुली विझतील.” असं म्हणून हसायचाही. सवयीचं हसू होतं ते, त्यात फारसा जीव नव्हता.

आणि त्या वर्षी तर ते हसूही गेलं. त्याला कारण त्याची लेक रूपली.

ब्राह्मणपुरीच्या भिलाटीत, म्हणजे भिल्लांच्या वस्तीत, गुलाबबाई म्हणून एक बाई होती. तिचा पोरगा दिवाल्या आणि रूपली यांचं होळीआधीच्या बाजारात जमलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाचीच हरकत नव्हती. रीतीप्रमाणे चार म्हातारे बोलणी करायला ब्राह्मणपुरीला गेले. गुलाबबाईने त्यांना बसवलं, भाकरी खाऊ घातली आणि सरळ सांगितलं, “पोर सोनानी शे. तिले मी आज घर लई येसू. पण तिना बाप लगीनले मन्हा दारमा उभा ऱ्हाई. तो दारमा दिसना का मन्ही छाती फुटस. मी काय करू?”

म्हातारे तसेच परत आले. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा जालमसिंग लोणखेड्याच्या गड्यांबरोबर अक्राणीच्या जंगलात लाकूडतोडीला गेला होता. झाड अंगावर पडून मेला. ती खबर तिच्या अंगणाच्या कडेला उभं राहून सांगितली होती ती गोवालनेच. नाव सांगितलं आणि पाठ फिरवली. तेव्हापासून गोवाल गावच्या वेशीत दिसला तरी ती बाई दार लावून घ्यायची.

रूपली रडली नाही, भांडली नाही. तिने बोलणंच टाकलं. बापापुढे भाकरी ठेवायची आणि बाहेर निघून जायची. गोवालची बायको कालीबाई मात्र बोलायची, आणि दोघींच्या वाटणीचं एकटीच बोलायची. “सोड ते काम! मेलेल्यांची काळजी करतोस, जिवंत पोरीचं काय?” गोवाल खाली मान घालून ऐकायचा. जागल्याचं काम सोडतो म्हणून सुटत नसतं. आणि सोडलं असतं तरी बावीस वर्षांची पावलं लोक कुठं विसरणार होते? माझ्यामुळे पोरीचं घर बसत नाही, हे त्याच्या मनाला रात्रंदिवस टोचत होतं.

त्याच फाल्गुनात हिंमतरावांच्या डोक्यात शर्यत आली.

हिंमतराव म्हणजे लोणखेड्यातल्या मोठ्या शेतकरी घरातला तरणा माणूस. धुळ्याला शिकून आले होते. येताना सायकल आणली, खिशातलं घड्याळ आणलं, आणि एकेक कल्पना. मागल्या वर्षी त्यांनी गावाला दात घासायची पावडर वाटली होती. निम्म्या लोकांनी ती चुलीच्या ओट्याला फासली. आता म्हणाले, साहेबांच्या देशात माणसं तेरा कोस धावतात, आपणही धावू. होळी झाली आहे, गहू निघाला आहे, ऊन अजून चढलेलं नाही. लोणखेड्याहून निघायचं, नऊ गावांतून वळसा घेऊन लोणखेड्यालाच यायचं. रस्ता सगळा सपाट, चढ नाही की उतार नाही. पहिल्याला फेटा आणि चांदीचं कडं.

“पण धावायचं कशासाठी?” चावडीवर एकाने विचारलं.

“धावण्यासाठी.”

“मागे कोणी लागलं नसताना?”

हिंमतरावांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी ही शर्यत नऊ गावांची कशी आहे ते समजावलं. प्रत्येक गावाने वाटेवर पाण्याच्या घागरी आणि गूळ-शेंगदाणे घेऊन उभं राहायचं, वाजंत्री वाजवायची. धावणाऱ्याने प्रत्येक गावात थांबून पाणी प्यायचं, गावच्या पाटलाने ते डोळ्याने बघायचं. न पिता पुढे गेला तो बाद. एक तर कोणी चक्कर येऊन पडायला नको, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक गावाला वाटलं पाहिजे की शर्यत आपली आहे. पाणी आणि पाहुणचार म्हटल्यावर गावं लगेच इरेला पेटली. अमक्या गावाने गूळ ठेवला तर आम्ही शिरा ठेवू, इथपर्यंत गोष्ट गेली.

संध्याकाळी गोवाल हिंमतरावांच्या ओट्याखाली जाऊन उभा राहिला. “बापू, मी पयू का?”

“तू? अरे, तुझ्याइतकं पळणारं या तालुक्यात आहे कोण?” हिंमतराव खूश झाले. गोवालला नऊ गावांत आजवर कोणी पाण्याचा थेंब दिला नाही, हे या शिकल्यासवरल्या माणसाच्या डोक्यातही आलं नाही.

गोवालच्या मनात ना फेटा होता ना कडं. त्याला एवढंच हवं होतं, की एकदा तरी कोणी न मरता आपण धावावं आणि नऊ गावांनी ते बघावं. नऊ गावांत सातवं ब्राह्मणपुरी होतं. गुलाबबाईने बघावं, की हा माणूस आला, गेला, आणि घर जागच्या जागी आहे.

“कोनी मरनं नही तरी पयस?” कालीबाई म्हणाली. “येडा व्हयना का?” पण शर्यतीच्या दिवशी पहाटे उठून तिने त्याच्या पायांना तेल चोळून दिलं. रूपलीने दारातून एकदा बघितलं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा बापाशी बोलली. “बा, सावकाश जाजो.” शर्यतीला निघालेल्या माणसाला सावकाश जा म्हणणारी तीच.

चाळीसेक गडी जमले होते. शहाद्याचे दोन पैलवान, गावोगावचे तरणे शेतकरी, आणि डोंगरातून उतरलेला उदेसिंग नावाचा एक काटक पोरगा. हिंमतरावांनी घड्याळ बघून रुमाल खाली टाकला आणि सगळे सुटले. पैलवानांची छाती कोसभरात भरून आली. उदेसिंगला चढउतार ठाऊक. या सपाट रस्त्याने त्याच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. दर वळणावर तो डोंगर शोधायचा. “दादा, हा रस्ता संपतो कुठं? सगळं एकसारखंच दिसतं,” असं त्याने गोवालला विचारलं. गोवाल हसला आणि पुढे गेला. त्याचे पाय लागले होते. पहिलं गाव आलं तेव्हा तो एकटा, सगळ्यांच्या दोन शेतं पुढे होता.

वेशीवर ढोल वाजत होता, सनई वाजत होती, बाया नटूनथटून घागरी घेऊन उभ्या होत्या. धुळीतून गोवाल धावत येताना दिसला. ढोल थांबला. सनई मध्येच गप्प झाली. एक म्हातारी किंचाळली, “अरे गोवाल उना! कोन मरनं?”

गोवाल ओरडला, “काही नही व्हयनं! काही नही व्हयनं!”

झालं! सगळं गाव फुटलं. एकीने घागर टाकली, दुसरी उंबऱ्यावर कोसळली. जिची सासू आजारी होती तिने सासूच्या नावाने, जिचा भाऊ सुरतेला होता तिने भावाच्या नावाने गळा काढला. गोवाल हात जोडून सांगतो आहे, “कोनी मरनं नही व माय, शर्यत शे!” आणि बाया म्हणताहेत, बिचारा किती सांभाळून सांगतो आहे बघा. मागून उदेसिंग आणि आणखी सहा-सात जण धापा टाकत आले तेव्हा कुठे पाटलाच्या डोक्यात उजेड पडला. तोही रडण्याच्या बेतात होता. मग हशा पिकला, ढोल पुन्हा सुरू झाला, सगळ्यांच्या ओंजळीत पाणी पडलं. गोवालच्या ओंजळीवर मात्र घागर वाकेना. घागरवाली बाई पाटलाकडे बघत राहिली. शेवटी पाटील डाफरला तेव्हा तिने हातभर अंतरावरून, मान वळवून पाणी ओतलं. निम्मं मातीत गेलं. गोवालने उरलेलं पिऊन टाकलं आणि तो निघाला. घशाखाली काही ते सुखाने उतरलं नाही.

पुढे तो शहाणा झाला. पुढच्या गावाच्या आधी पाय आवरून उदेसिंगच्या घोळक्यात शिरला. घोळक्यात गोवाल असला तरी त्याची भीती वाटत नव्हती. उलट पोरं हसायची, “हा देखा, आज रिकामाच पयी ऱ्हायना!” पाणी मिळत गेलं. तिसऱ्या गावात गुळाचा खडाही मिळाला. पाचव्यात एका म्हाताऱ्याने पाठीवर थाप मारली. सहाव्या गावापर्यंत घोळका गळत गळत तिघांवर आला. उदेसिंग पुढे, गोवाल मागे आणि त्याच्या मागे भिला नावाचा शहाद्याचा दूधवाला. हिंमतराव सायकलवरून बाजूने ओरडत होते, “गोवाल, तू राखून पळतो आहेस! सोड पाय! कडं तुझंच आहे!”

ते खरंच होतं. गोवालचे पाय अजून ताजे होते. आणि समोर ब्राह्मणपुरीची चिंचेची झाडं दिसायला लागली.

भिलाटी गावाच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून. गावाने तिथेच, गुलाबबाईच्या अंगणासमोर पाणी ठेवलं होतं, आणि घागर होती तिच्याच हातात. तिने उदेसिंगला पाणी पाजलं, त्याला काहीतरी विनोदाचं बोलली, आणि मान वर केली. गोवाल वीस पावलांवर होता.

ती ओरडली नाही. रडलीही नाही. घागर तशीच कमरेवर धरून तिने एवढंच विचारलं, “दिवाल्या?”

दिवाल्या दोन दिवसांपूर्वी कापसाच्या गाड्यांबरोबर दोंडाईच्याला गेला होता. गोवालला ते माहीत नव्हतं. पण तिचा चेहरा त्याने बघितला. तीन वर्षांपूर्वी याच अंगणात हाच चेहरा त्याने बघितला होता आणि बघून पाठ फिरवली होती. बावीस वर्षांची सवय वाईट, तोंडातून निघून गेलं, “काही नही व्हयनं, बाई.”

गुलाबबाईच्या हातातली घागर सुटली. मागे सरकून ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आता कितीही बोललं तरी ही बाई ऐकणार नाही, हे गोवालला कळलं. बोलून बोलूनच तर सगळं बिघडलं होतं. दूधवाला भिला दुसऱ्या बाईकडून पाणी पिऊन पुढे पळाला. “गोवाल, चल! काय बघतोस?” हिंमतराव सायकल गोल गोल फिरवत ओरडत होते.

गोवाल तिच्या अंगणात गेला आणि बसला. मांडी घालून, सांडलेल्या पाण्याच्या चिखलात, ऐसपैस बसला.

मरणाची खबर आणणारा बसत नाही. बसलाच तर त्याच्याकडे खबर नाही. हे त्या अंगणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गुलाबबाई बघत राहिली. तिने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं, एकदा त्याच्या मांडीकडे.

“तू बठना?” ती म्हणाली.

“बठनू. माले तहान लागनी. तू पाणी पाजशी नही तोपावत मी उठाव नही.”

“अरे ऊठ!” हिंमतराव रडवेले झाले होते. “दोघेच पुढे आहेत! नंतर ये, मग हवं तेवढं बस!” मागून चौघे आले, पाणी पिऊन गेले. आणखी सहा आले. गोवाल हलला नाही. रूपलीचं नाव त्याने काढलं नाही, सोयरिकीचा शब्द काढला नाही. त्याला एवढंच वाटत होतं, की इथून आता उठलो तर पुन्हा या अंगणात यायला मला कोणाच्या तरी मरणाचीच वाट बघावी लागेल.

गुलाबबाई उंबऱ्यावर टेकली. मग एकदम भांडायलाच उठल्यासारखी म्हणाली, “मंग त्या दिन का बठना नही? नाव सांगं आनि पाठ फिरवी. मन्हा माणूस कसा मरना, कोनले काय बोलना, काही सांगं नही. मी तीन वरीस भिताडले इचारी ऱ्हायनू.”

“रीत नही व्हती, बाई.”

“आग लागो तुन्ही रीतले.”

“माले ठाऊक व्हतं सगळं,” गोवाल म्हणाला. “सोबतना गडी माले चावडीवर भेटना व्हता. सांगू का?”

ती उठून गेली नाही. म्हणून त्याने सांगितलं. झाड पडलं ते सकाळी, आणि जालमसिंग दुपारपर्यंत होता. फार दुखत नव्हतं, कमरेखालचं त्याला कळतच नव्हतं. शुद्धीत होता, बोलत होता. डोक्याच्या फडक्यात त्याने चारोळ्या बांधून ठेवल्या होत्या. हे गुलाबला द्या म्हणाला, तिला फार आवडतात. आणि दिवाल्याला झाडं तोडायला पाठवू नका म्हणाला. मग म्हणाला, जरा झोपतो.

“चारोळ्या?” गुलाबबाईने विचारलं. “माले तं भेटन्या नही.”

गोवालने मान खाली घातली. “गड्यांनी खाल्ल्या त्या. दीड दिवस त्याला खांद्यावर घेऊन चालले, जवळ दुसरं काही नव्हतं. लाजेने तुझ्यापुढे कोणी तोंड उघडलं नाही. तो गडी मला सांगताना रडत होता.”

गुलाबबाईने पदर तोंडाला लावला. आधी वाटलं ती रडते आहे, रडतच होती. पण मधेच तिला हसू फुटलं. “मरना तरी लोकेसले खावाडी गया,” ती म्हणाली. “तसाच व्हता तो.” आणि मग मात्र ती मोकळेपणी रडली. तीन वर्षांत दार लावून जे आत कोंडलं होतं ते सगळं त्या अंगणात, चार माणसांदेखत बाहेर आलं. भिलाटीतल्या बायाही रडल्या. हिंमतरावांनी सायकल भिंतीला टेकवली आणि घड्याळ खिशात घातलं. त्यांच्या चांगल्या सदऱ्याच्या बाहीने त्यांनी नाक पुसलं, ते सगळ्यांनी बघितलं.

रस्त्यावरून धावणारे जात होते. आता तर शहाद्याचे पैलवानही आले, चालत, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून. ते पाणी प्याले आणि शेंगदाणे बांधून घेऊन निघाले. गोवालच्या मागे आता बहुतेक कोणी उरलं नव्हतं.

गुलाबबाई उठली, घरात गेली. बाहेरच्या घागरी भरलेल्या होत्या, पण त्यांना तिने हात लावला नाही. घरातल्या माठातलं पाणी तिने आपल्या तांब्यात भरून आणलं. गोवालने सवयीने ओंजळ पुढे केली. तिने ती बाजूला सारली आणि तांब्या त्याच्या हातात दिला. पाणी गार होतं. तो पीत गेला, पीत गेला, आणि शेवटी त्याच्या डोळ्यांतूनही पाणी यायला लागलं, तसा तिने तांब्या हिसकावून घेतला.

“पुरे! पोट फुटी जाई. आनि आते ऊठ. कव्हाना चिखलमा बठेल शे.”

गोवाल उठला. पाय आखडले होते, कमरेचं फडकं चिखलाने माखलं होतं. तो नुसता उभा राहिला.

“उभा का ऱ्हायना?” गुलाबबाई खेकसली. “अजून दोन गावं शेतस ना? मन्ही सूनना बाप सर्वासना मांगे पडना, आसं लोके वरीसभर बोलतीन. ते पैलवान दिसी ऱ्हायनात तठे. कमीत कमी त्यासले तरी धर. पय!”

गोवाल पळाला.